मोटर फिरली, पण सूर उतरला!

एखादे यंत्र अगदी बिनचूक चालले आहे असे मोजमाप सांगते, आणि शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ मान हलवून म्हणतात, "नाही, काहीतरी चुकते आहे." अशा वेळी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणाचे ऐकावे? मोजमापाचे, असे तुम्ही चटकन म्हणाल. मीही तसेच म्हटले होते आणि चांगलाच तोंडघशी पडलो होतो. ती हकीकत आज सांगतो.

नागपूरला लागून असलेले हिंगणा आता एमआयडीसीच्या कारखान्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या हिंगण्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांच्याकडे लाकडी पेटीत बसवलेला एक जुना, चार वेगांचा रेकॉर्ड प्लेयर आहे आणि लाखेच्या जड तबकड्यांचा एक ढीग आहे. त्यात बालगंधर्व आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आहेत. गुरुजी रोज संध्याकाळी एकच तबकडी लावतात. तीन-साडेतीन मिनिटांत ती संपते, मग ती पुसून पाकिटात जाते. गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी जळका वास आला आणि थाळी फिरता फिरता थांबली. मोटर जळाली होती.

आता ही मोटर काय करते ते आधी पाहू.

रेकॉर्ड प्लेयरचे झाकण उघडून वरची फिरती थाळी उचलली, की खाली तीन गोष्टी दिसतात. मोटरच्या आसावर बसवलेली पायऱ्यापायऱ्यांची एक बारीक पुली. तिला चिकटून असलेले एक रबरी चाक. आणि थाळीची आतली कड. पुली रबरी चाकाला फिरवते, रबरी चाक थाळीच्या कडेला फिरवते. पुलीला चार पायऱ्या असतात, जाड ते बारीक. रबरी चाक जाड पायरीवर टेकले की थाळी मिनिटाला ७८ फेरे घेते. त्याखालच्या पायऱ्यांवर ४५, ३३ १/३ आणि १६ २/३.

येथे तुमच्यासाठी एक कोडे. रबरी चाक झिजून लहान झाले, तर थाळीचा वेग कमी होईल की वाढेल? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे विद्यार्थी 'कमी' म्हणतात, निम्मे 'जास्त'. खरे उत्तर आहे, दोन्ही नाही. पुलीच्या कडेवरचा बिंदू एका सेकंदात जेवढे अंतर कापतो, तेवढेच रबरी चाकाची कड कापते आणि तेवढेच थाळीची कड कापते, कारण घसरण नसेल तर तिघे एकमेकांना चिकटून चालतात. मधला निरोप्या उंच असो की ठेंगणा, निरोप तोच पोचतो. म्हणून थाळीचे फेरे काढायचे तर मोटरच्या फेऱ्यांना पुलीच्या व्यासाने गुणावे आणि थाळीच्या आतल्या व्यासाने भागावे, बस्स. रबरी चाकाचा व्यास या हिशेबात येतच नाही. (चाक वाकडे झाले किंवा एका जागी दबून चपटे झाले, तर मात्र प्रत्येक फेऱ्याला धप् धप् असा आवाज येतो. ती गोष्ट निराळी.)

म्हणजे सारा भार मोटरच्या वेगावर आणि पुलीच्या जाडीवर. मोटरचा वेग कशावर ठरतो?

घराघरांत येणारा वीजप्रवाह प्रत्यावर्ती असतो, म्हणजे त्याची दिशा सतत उलटसुलट होते. भारतात तो सेकंदाला ५० आवर्तने पुरी करतो. या प्रवाहाने मोटरच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि तेही सेकंदाला ५० आवर्तने पुरी करते. पण नुसते उलटसुलट होणारे क्षेत्र थांबलेल्या धातूला गोल फिरायला लावू शकत नाही. म्हणून अशा लहान मोटरीत एक गमतीदार युक्ती केलेली असते. प्रत्येक चुंबकध्रुवाच्या एका बाजूला तांब्याचे एक जाड कडे घातलेले असते. क्षेत्र वाढू लागले की त्या कड्यात प्रवाह निर्माण होतो आणि तो क्षेत्राच्या वाढीला विरोध करतो. त्यामुळे ध्रुवाच्या मोकळ्या भागात क्षेत्र आधी शिगेला पोचते आणि कडे घातलेल्या भागात थोडे मागाहून. एकामागून एक दिवे लावत गेले की उजेड सरकल्यासारखा दिसतो ना, तसे हे चुंबकीय क्षेत्र मोकळ्या भागाकडून कड्याकडे सरकते. आणि सरकणारे क्षेत्र धातूला आपल्यामागे ओढते. फ्रान्सचा शास्त्रज्ञ आरागो याने हा परिणाम १८२४ साली तांब्याची तबकडी आणि चुंबकसूची घेऊन पाहिला होता. पुढे १८८० नंतरच्या दशकात इटलीतील फेरारिस आणि अमेरिकेतील टेस्ला यांनी फिरत्या क्षेत्रावर चालणारी मोटर सिद्ध केली.

चार ध्रुवांच्या मोटरीत हे क्षेत्र ५० आवर्तनांच्या विजेवर मिनिटाला १५०० फेरे घेते. मधला फिरणारा भाग मात्र त्याला कधीच गाठत नाही. गाठले तर त्याच्या दृष्टीने क्षेत्र स्थिर झाले, मग त्यात प्रवाह निर्माण होणार नाही आणि ओढही उरणार नाही. म्हणून तो थोडा मागे राहूनच पळतो, साधारण १४०० फेऱ्यांच्या आसपास. पण पळतो तो क्षेत्राच्या मागोमाग. विजेची आवर्तने कमी झाली की तोही त्याच प्रमाणात मंदावतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर गुरुजींची जळकी मोटर घेऊन मी नागपुरात मोटर वायंडिंग करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. मे महिना, त्यामुळे दुकानात कुलरच्या मोटरींचा ढीग. त्यांनी ती छोटीशी मोटर तळहातावर घेतली, आस हलवून पाहिला आणि म्हणाले, "सर, वायंडिंग तर करून देतो मी, पण हे बुश पहा ना, पार झिजून गेले. मधला भाग घासून राहिला. किती दिवस चालंल?" माणूस प्रामाणिक होता. आस ज्यात फिरतो ती दोन्ही बुशे झिजून अंडाकृती झाली होती. नवे वायंडिंगही थोड्याच दिवसांत जळले असते.

गुरुजींचा एक पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याने खटपट करून त्याच बनावटीच्या एका जुन्या यंत्रातून काढलेली चालू मोटर धाडली. खोक्यात तिच्यासोबत वेग तपासण्याचे एक छापील कार्डही होते. मोटरवर '११७ व्होल्ट' असे लिहिलेले. आपल्याकडे दाब २३० व्होल्ट असतो, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक. मी एक रोहित्र आणले, २३० चे ११० करणारे. जळक्या मोटरची पुली काढून नव्या मोटरवर चढवावी असा विचार होता, पण ती पुली जस्ताच्या मिश्रधातूची होती. इतक्या वर्षांनी असा धातू ठिसूळ होतो. काढताना तिचे दोन तुकडे झाले. नव्या मोटरवर तिची स्वतःची पुली होतीच, दिसायला अगदी तशीच. तीच राहू दिली. चार स्क्रू, दोन तारा, रबराचे तीन नवे बूच. थाळी फिरू लागली.

आता वेग तपासायचा. त्या कार्डाची गंमत अशी. कार्डावर काळ्यापांढऱ्या रेघांची वर्तुळे असतात. ट्यूबलाइटचा उजेड आपल्याला अखंड वाटतो, पण तो तसा नसतो. प्रवाह एका आवर्तनात दोनदा शिगेला जातो, म्हणून चोक असलेली जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. दोन उजळण्यांच्या मध्ये कार्ड बरोबर एका रेघेइतके फिरले, तर प्रत्येक उजळणीला जुन्या रेघेच्या जागी पुढची रेघ आलेली असते. साऱ्या रेघा सारख्याच. डोळ्याला वाटते, रेघा जागच्या हलल्याच नाहीत. चित्रपटात टांग्याचे चाक उभे राहिल्यासारखे किंवा उलटे फिरताना दिसते ते याच कारणाने.

मी कार्ड थाळीवर ठेवले. '७८' लिहिलेल्या वर्तुळाकडे पाहिले. रेघा जवळजवळ स्थिर! मिनिटाला तीन-चार रेघा मागे सरकत असतील नसतील. मोठ्या ऐटीत मी म्हणालो, "गुरुजी, वेग बिनचूक आहे. लावा तबकडी."

गुरुजींनी एका नाट्यपदाची तबकडी लावली. सुई टेकली. थोडे ऐकले आणि त्यांनी सुई उचलली.

"सर, मोटर फिरून राहिली, ते मला दिसतं. पण हा आवाज बुवांचा नव्हे."

मला वाटले, वय झाले आहे, महिनाभर ऐकलेले नाही, ऐकू येण्यातही फरक पडला असेल. मी त्यांना कार्ड दाखवले, स्थिर रेघा दाखवल्या, ट्यूबच्या उजळण्यांचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग आतून पेटी आणली. पेटी म्हणजे आपली बाजाची पेटी, हार्मोनियम. तबकडीच्या पाकिटावर कधी काळी त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, 'काळी दोन'. बुवांचा षड्ज पेटीवरच्या काळी दोनवर मिळतो, असा त्याचा अर्थ. गुरुजींनी तबकडी पुन्हा लावली आणि स्वर शोधत बोट खाली आणले. पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक. पांढरी एकच्याही किंचित खाली सूर मिळाला.

तीन पट्ट्या सूर खाली! पेटीच्या पितळी पत्त्या महिनाभरात तीन पट्ट्या वर चढत नाहीत. मग चुकले ते कार्ड?

तेव्हा मी जे सर्वांत आधी करायला हवे होते ते केले. थाळीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा एक तुकडा चिकटवला आणि घड्याळ लावून एका मिनिटात तो किती वेळा समोरून जातो ते मोजले. ७८ यायला हवे होते. आले ६५.

आता कार्ड नीट वाचले. खालच्या काठाला बारीक अक्षरांत छापले होते, '६० सायकल्स'. डोक्यात लख्ख उजेड पडला. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असते! तेथे ट्यूब सेकंदाला १२० वेळा उजळते आणि कार्डाच्या ७८ च्या वर्तुळावर ९२ रेघा असतात. आपल्या १०० उजळण्यांच्या उजेडात ९२ रेघांचे वर्तुळ केव्हा स्थिर दिसेल? मिनिटाला ६००० उजळण्या, भागिले ९२, म्हणजे ६५.२ फेऱ्यांना. मोटर ६० आवर्तनांसाठी केलेली, ५० आवर्तनांच्या विजेवर ती पाच-षष्ठांश वेगाने फिरत होती. आणि ट्यूबही अमेरिकेतल्या ट्यूबच्या पाच-षष्ठांश वेगाने उजळत होती. दोघांची चूक नेमकी सारखी, म्हणून कार्ड म्हणत होते, सर्व ठीक आहे. मागे चालणाऱ्या घड्याळाची परीक्षा तितक्याच मागे चालणाऱ्या दुसऱ्या घड्याळाने घ्यावी, तसा हा प्रकार. गुरुजींच्या कानाला मात्र ना अमेरिकेची वीज ठाऊक होती ना हिंगण्याची. त्यांच्याजवळ पेटी होती आणि पेटी विजेवर चालत नाही.

आणि माझे रोहित्र? रोहित्र दाब बदलते. २३० चे ११० करते. पण आत सेकंदाला ५० आवर्तने गेली की बाहेर ५०च येतात. ही गोष्ट मी वर्गात किती वर्षे शिकवतो आहे, हे येथे न लिहिलेलेच बरे.

सूर नेमका तीन पट्ट्याच का उतरला, हेही पाहण्यासारखे आहे. थाळी पाच-षष्ठांश वेगाने फिरली की प्रत्येक स्वराची कंपने पाच-षष्ठांश होतात. षड्जाची कंपने सेकंदाला २४० मानली, तर ती २०० होतील. आता पुस्तकातले स्वरांचे कोष्टक काढा. षड्ज २४० तर शुद्ध धैवत ४००. त्याच्या खालच्या सप्तकातला, म्हणजे मंद्र धैवत, २००. म्हणजे आमच्या यंत्रातले बुवा जिथे 'सा' लावत होते, तिथे पेटीचा मंद्र धैवत वाजत होता. सहास पाच हे प्रमाण म्हणजेच कोमल गंधार आणि षड्ज यांचे प्रमाण. अमेरिकेची वीज आणि भारताची वीज यांच्यामध्ये बरोबर एक कोमल गंधाराचे अंतर आहे म्हणा ना! पेटीवरच्या तीन पट्ट्या या प्रमाणापेक्षा अगदी थोड्या कमी भरतात, कारण पेटीच्या पट्ट्या समान अंतराने लावलेल्या असतात. गुरुजींना सूर पांढरी एकच्या 'किंचित खाली' मिळाला तो यामुळेच. ऐंशीच्या घरातला तो कान केवढा तिखट!

जगात ५० आणि ६० असे दोन तट का पडले? १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने ६० आवर्तने धरली, बर्लिनच्या एका मोठ्या कंपनीने ५०, आणि ज्याने ज्याची यंत्रे घेतली त्याच्याकडे ती पद्धत रुजली. जपानमध्ये तर देशाच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० आहेत. त्यामुळे जपानी रेकॉर्ड प्लेयरबरोबर पुष्कळदा दोन निरनिराळ्या पुल्या देत असत.

म्हणजे उपाय सरळ होता. मोटर सहास पाच या प्रमाणात हळू फिरते, तर पुली त्याच प्रमाणात जाड करायची. थाळीचा आतला व्यास मोजला, तो २०० मिलिमीटर भरला. स्क्रू गेजने पुलीची ७८ ची पायरी मोजली, ९.२० मिलिमीटर. त्यावरून मोटरचे फेरे निघाले मिनिटाला १४१७. आता ७८ फेऱ्यांसाठी पायरी हवी ११ मिलिमीटरची, ४५ साठी ६.३५, ३३ १/३ साठी ४.७० आणि १६ २/३ साठी २.३५. तुम्हीही गणित करून पाहा, सूत्र वर दिलेलेच आहे.

कागदावर आकृती काढून मी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. लेथवरच्या कारागिराने आकृती पाहिली, पितळेचा गज शोधला आणि विचारले, "सर, पाव सूत इकडेतिकडे झालं तर चालून जाईल ना?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव सूत म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर. ३३ १/३ ची पायरीच मुळी ४.७० मिलिमीटरची! तिच्यात पाव सूत फरक म्हणजे सतरा टक्के, म्हणजे पुन्हा जवळजवळ तीन पट्ट्या. मी म्हणालो, "पाव सूत नाही चालणार भाऊ. डोक्याचा केस असतो ना, तेवढाही फरक नको." माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्या पायरीत ०.०५ मिलिमीटरची चूक म्हणजे एक टक्का. आपल्या संगीतातल्या प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१ : ८०, म्हणजे सव्वा टक्का. पाऊण-एक केसाच्या जाडीत जवळपास एक श्रुती हरवते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक लिहिले. त्या श्रुती तारेवर मोजण्यासाठी त्यांना किती काटेकोर राहावे लागले असेल, याची मला त्या लेथपुढे उभा असताना कल्पना आली.

कारागिराने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. केस-श्रुती त्याला कितपत पटले कोण जाणे. पण दोन दिवसांनी त्याने जी पुली दिली, तिची ७८ ची पायरी १०.९६ मिलिमीटर भरली. मी त्याचे आभार मानले आणि त्याने पाव सुताची गोष्ट पुन्हा काढली नाही.

दरम्यान दुसरी अडचण आली. मोटर अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतकी तापू लागली. कारण तेच. वेटोळ्याचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध आवर्तनांच्या प्रमाणात असतो. आवर्तने ६० ची ५० झाली की विरोध कमी होतो आणि प्रवाह जास्त वाहतो. म्हणून दाबही त्याच प्रमाणात उतरवायला हवा. ११७ चे पाच-षष्ठांश म्हणजे सुमारे ९८ व्होल्ट. जपानी उपकरणांसाठी १०० व्होल्टचे रोहित्र मिळते, ते बसवले आणि मोटर कोमट राहू लागली. हे काम घरी करण्याच्या फंदात तुम्ही पडू नका बरे. रेकॉर्ड प्लेयरच्या आत घरची पूर्ण वीज येते. आम्हीही प्रत्येक वेळी प्लग काढूनच स्क्रू उघडत होतो.

घरी करण्यासारखे आहे ते कार्ड. जाड पांढऱ्या कागदाचे २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापा. मध्यभागी थाळीच्या खुंटीइतके भोक पाडा. कोनमापक घेऊन परिघाजवळ दर दोन अंशांना एक काळी रेघ काढा, एक अंश काळी आणि एक अंश पांढरी अशी. एकूण १८० रेघा होतील. मिनिटाला ६००० उजळण्या भागिले १८०, म्हणजे ३३ १/३. बरोबर लाँग प्ले तबकडीचा वेग! हे कार्ड चोकच्या ट्यूबखाली किंवा निऑनच्या लहान दिव्याजवळ पाहा. हल्लीचे बरेच एलईडी दिवे मंदावतच नाहीत, त्यांच्या उजेडात नुसता करडा पट्टा दिसतो. रेकॉर्ड प्लेयर नसेल तर घरातले एलईडी दिवे तपासायला कार्डाचा उपयोग करा. कार्ड पेन्सिलीच्या टोकावर भोवऱ्यासारखे फिरवा. वेग कमी होत होत जाताना एखाद्या क्षणी रेघा थबकल्यासारख्या दिसल्या, तर तो दिवा लुकलुकतो.

या कार्डावरून चूकही मोजता येते. एका मिनिटात ६००० रेघा एखाद्या ठरावीक बिंदूसमोरून जातात. त्यातल्या किती मागे सरकल्या ते मोजा. ७८ फेऱ्यांसाठी आपल्या विजेवर ७७ रेघा लागतात. तसे कार्ड करून मी नवी पुली तपासली. मिनिटाला २१ रेघा मागे. ६००० मध्ये २१, म्हणजे ०.३५ टक्के. केसापेक्षा कमी चुकीचा हा हिशेब होता. कागदाचा तुकडा चिकटवून फेरेही मोजले, या वेळी आधी. मग गुरुजींना तबकडी लावायला सांगितली. त्यांनी पेटी उघडलीच नाही. डोळे मिटून पूर्ण तबकडी ऐकली आणि पुसून पाकिटात ठेवली. "काळी दोन," एवढेच म्हणाले.

मी मात्र घरी येऊन एका जुन्या गोष्टीचा उलगडा करत बसलो. १९९० च्या दशकात गुरुजींच्याच घरी संध्याकाळी तबकड्या थोड्या 'उतरलेल्या' वाजतात असे ते म्हणत आणि आम्ही हसत असू. त्या काळी विजेची मागणी वाढली की आपल्या पश्चिम विभागाच्या जाळ्यातली आवर्तने ४९ च्याही खाली जात. ५० ची ४९ झाली तर वेग दोन टक्क्यांनी उतरतो, आणि प्रमाणश्रुती तर सव्वा टक्क्याचीच. म्हणजे गुरुजींचे म्हणणे तेव्हाही खरे होते! विजेच्या जाळ्यात जेवढी मोठी जनित्रे आहेत, ती सारी एका ठेक्यात फिरतात. आमच्या कोराडीच्या केंद्रातली जनित्रे मिनिटाला ३००० फेरे घेतात. त्यांचा वेग उतरला की हिंगण्यातल्या थाळीचाही उतरतो. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात आवर्तनांनुसार विजेचा दर बदलण्याची पद्धत आली आणि हे चढउतार पुष्कळ आवरले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले, तेव्हापासून सारा देश एकाच ठेक्यात आहे. आता आवर्तने ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. १९७० साली जपानमध्ये थाळी थेट मोटरच्या आसावरच बसवलेले प्लेयर आले. पुढे स्फटिकाच्या कंपनांवर वेग राखणाऱ्या मोटरी आल्या आणि त्यांना जाळ्याच्या आवर्तनांशी काही देणेघेणे उरले नाही.

गोष्ट येथे संपली असती. पण आठवड्याने गुरुजींनी निरोप धाडला. ढिगाच्या तळाशी एक फार जुनी तबकडी होती, ती नव्या मोटरवर लावून पाहिली होती. साथीला पेटी आहे, पण तिचा षड्ज गुरुजींच्या पेटीवर कुठल्याच पट्टीला मिळेना. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये तो येत होता.

भारतात पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्याला झाली, गौहरजान यांची त्यांतच. त्या काळी थाळी चावीच्या यंत्राने किंवा वजनाने फिरवत आणि ७८ हा आकडा अजून ठरलेला नव्हता. सुमारे १९२५ नंतर तो रूढ झाला. त्याआधीच्या तबकड्या कुठे ७०-७५ फेऱ्यांना, कुठे ८० च्या वर भरलेल्या आढळतात. तेव्हा 'सेव्हंटी-एट' म्हणून आज वाजणारी प्रत्येक जुनी तबकडी ७८ लाच वाजवावी असे नाही. चुकीच्या वेगाने वाजवली तर गाणाऱ्याची पट्टी, लय आणि आवाजाचा पोत, तिन्ही खोटे. आणि तो गायक काळी एकमध्ये गात असे की पांढरी दोनमध्ये, हे सांगायला आज त्या तबकडीखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

अर्ध्या पट्टीचा फरक म्हणजे सुमारे २.९ टक्के. म्हणजे ती तबकडी ७५.८ फेऱ्यांना भरली असेल किंवा ८०.३ फेऱ्यांना. त्या काळी दोन्ही शक्य. शिवाय हे सारे गणित, त्या जुन्या साथीची पेटी आणि गुरुजींची पेटी एकाच मापाने लावलेल्या होत्या, असे धरून. गुरुजी एकदा थाळीच्या कडेला बोट हलकेच टेकवून वेग उतरवतात आणि ऐकतात, मग बोट काढून ऐकतात. उतरवल्यावर आवाज माणसाचा वाटतो, असे त्यांचे मत आहे. मला चढाच बरा वाटतो. १०.७ मिलिमीटर की ११.३, लेथवाल्याला अजून काहीच सांगितलेले नाही.